वजाबाकीचा हिशेब : स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेची वाटचाल

पतव्यवहार करणाऱ्या संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखणी स्वभावतःच भागभांडवल, कर्जवाटप आणि वसुलीचे शेकडा प्रमाण यांच्या कोष्टकांकडे वळते; परंतु ज्या संस्थेचा वृत्तान्त या स्मरणिकेत मांडावयाचा आहे, ती पत पुरविण्यासाठी जन्मासच आली नव्हती. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांत तिने जे पहिले काम केले ते पैशाचे नसून पडक्या भिंतींचे होते, आणि पुढे बचत, कर्ज, चूल, बियाणे व शेत अशा क्रमाने तिचा जो व्याप वाढत गेला, त्याचे मूळ त्या भिंतींच्या कामातच शोधावे लागते. स्वयं शिक्षण प्रयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा हिशेब म्हणूनच आकड्यांपासून आरंभ न करता या मुलुखाच्या पतव्यवहारापासून आरंभिणे इष्ट होईल.

आमचा अहमदपूर तालुका निजामी अमदानीत बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर व निलंगा या तालुक्यांसह तो बीदरपासून निघून मुंबई राज्यात आला आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा त्या जिल्ह्याच्या दफ्तरी त्याची नोंद झाली. तीन जिल्ह्यांची कचेरी पाहिलेल्या या बालाघाटच्या पठारावर एक रिवाज मात्र तिन्ही अमलांत अबाधित राहिला. कर्ज मागावयाचे तर जमिनीचा उतारा हवा. उतारा पुरुषाच्या नावे, म्हणून कर्जाचा दस्तऐवजही पुरुषाच्या नावे. आणि हंगाम बुडाला म्हणजे परतफेडीसाठी मोडावयाचे ते मात्र बहुधा घरच्या स्त्रीच्या अंगावरचे. सहकारी पतपेढ्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ साली झाला, हैदराबाद संस्थानानेही त्यापुढील दशकात त्याचे अनुकरण केले, सावकारीवर निर्बंध घालणारे कायदे निजामी राजवटीत झाले आणि नंतरही झाले. तरी सभासदत्वाचा दाखला हा खातेदारीचाच दाखला राहिल्यामुळे, शेतात सर्वाधिक राबणारी व्यक्ती पतव्यवहाराच्या चौकटीबाहेरच राहिली. तिच्यासाठी उरत असे ती शेजारणींची भिशी, डाळीच्या डब्यात दडविलेल्या चार नोटा, अथवा पेरणीच्या तोंडाशी सवाई-दिढीने आणलेले धान्य.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी व सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. दगड आणि पांढऱ्या मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती व त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढवीत गेलेले जड माळवद, अशी या भागातील घरांची रचना. उन्हाळ्यात हे घर गार असते आणि थंडीत उबदार. परंतु भिंतीच्या दोन अंगांचे दगड एकमेकांत गुंफणारे आरपार दगड नसल्यामुळे, पाया हादरताच भिंत मधोमध उकलली आणि माळवदाचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला. आठ ते दहा हजार माणसे त्या एका पहाटे गेली. सर्वाधिक हानी झालेल्या बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या गावांतील घरे उभी होती परंतु तडकलेली होती, त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण हे काम विस्ताराने कितीतरी मोठे होते, आणि वृत्तपत्रांनी त्याकडे फारसे पाहिले नाही.

जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये जो आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्याच्या या दुरुस्ती-विभागात लोकसहभागाची जबाबदारी स्वयं शिक्षण प्रयोगाकडे आली. संस्थेच्या संस्थापिका प्रेमा गोपालन यांचे त्यापूर्वीचे कार्य मुंबईत होते. १९८४ साली स्थापन झालेल्या व पदपथवासी स्त्रियांच्या बचतीतून घरांचा प्रश्न हाताळणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेशी त्या आरंभापासून निगडित होत्या. पदपथावरील स्त्रियांना घराचा नकाशा समजतो आणि पैशाचा हिशेबही ठेवता येतो, हा मुंबईतील अनुभव त्यांनी मराठवाड्यात आणला. सुमारे बाराशे गावांत महिला मंडळांना कामाचे केंद्र ठरविण्यात आले आणि गावातीलच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. शासनाचा हप्ता केव्हा व कशासाठी मिळतो, सिमेंटचे प्रमाण काय असावे, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा का घालावयाचा, माळवदावरील माती किती उतरवावयाची, या गोष्टी त्यांनी आधी स्वतः समजून घेतल्या व मग घरोघर सांगितल्या. ज्या ग्रामसभेत स्त्रिया ओट्याखाली, आणि त्याही डोईवरचा पदर ओढून, बसत, त्या सभेत अभियंत्याला ‘हा पट्टा अर्ध्यावर का सोडला?’ असे विचारणारी बाई उभी राहिली. याचे कौतुक त्या काळी पाहुण्यांनी पुष्कळ केले. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा प्रश्न विचारण्यासाठी तिला हप्त्याची रक्कम, मालाचा भाव आणि कामाचे मोजमाप ही तिन्ही ठाऊक असावी लागत. ज्यास आज आर्थिक साक्षरता म्हणतात तिचा या भागातील पहिला वर्ग बँकेत भरला नाही, तो अर्धवट बांधलेल्या भिंतीपाशी भरला.

पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९८ च्या सुमारास आटोपला. असे कार्यक्रम संपले म्हणजे त्यांच्याबरोबर मंडळेही विसर्जित होतात, हा सार्वत्रिक अनुभव; येथे मात्र मंडळे टिकली, आणि ती टिकण्याचे कारण बचत हे होते. त्याच वर्षी संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली व मंडळांचे रूपांतर बचत गटांत होऊ लागले. काळही अनुकूल होता. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांशी जोडण्याचा जो प्रायोगिक उपक्रम आरंभिला होता, तो आता सर्व देशात पसरत होता. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले ‘माविम’, गटांच्या कामात उतरले होते. साताऱ्याकडे म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये उघडली होती. आणि १९९९ पासून केंद्राची स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना लागू झाली. त्या योजनेने गटांची संख्या वाढविली खरी, पण अनुदानाच्या आशेने एका रात्रीत जन्मलेले व अनुदान मिळताच मोडलेले गटही तालुक्या-तालुक्यांतून दिसू लागले. आज ‘उमेद’ अभियान त्याच कामाची पुढची पायरी चालवीत आहे.

गटाचा व्यवहार वरवर पाहता अगदी साधा आहे. दहा ते वीस बायका, महिन्याची ठरावीक बचत, एक पेटी, एक इतिवृत्ताची वही, एक खतावणी, आणि प्रत्येकीचे पासबुक. गरजवंत सभासदाने उचल मागावी, बैठकीने ती मंजूर करावी, शेकडा दोन या मासिक दराने व्याज घ्यावे. हा दर बँकेच्या मानाने चढा आहे, अशी टीका सुशिक्षितांकडून होते. ती गैरसमजातून होते, असे म्हणणे भाग आहे. हजार रुपयांवर महिन्याला वीस रुपये सावकारास दिले म्हणजे ते घराबाहेर जातात. गटास दिले म्हणजे ते त्याच पेटीत राहतात आणि वर्षाअखेरीस तिच्याच वाट्यास येतात. मुद्दल आणि व्याज यांतील हा भेद एकदा बाईच्या ध्यानात आला म्हणजे तिला पुढचे पुष्कळ शिकवावे लागत नाही. अवघड असते ते निराळेच. जे विकले गेले तेच उत्पन्न, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. घरात जे विकत आणावे लागले नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. या नोंदीस संस्थेच्या कामात हळूहळू जे स्थान मिळत गेले, ते तिच्या इतिहासाचे मर्म आहे, असे मला वाटते. कोरडवाहू मुलुखात उत्पन्न वाढेल या भरवशावर दिलेले कर्ज हे पावसाच्या भरवशावर दिलेले कर्ज असते. ज्या कर्जाने घरचा एखादा रोजचा खर्च कायमचा थांबतो, त्या कर्जाची परतफेड मात्र पाऊस चुकला तरी होऊ शकते.

गटांची अंतर्गत बचत अपुरी पडू लागली आणि बँकांच्या शाखा दूर व उदासीन राहिल्या, तेव्हा २००६ च्या सुमारास ‘सखी समुदाय कोष’ ही सूक्ष्म वित्तपुरवठा करणारी, नफा न वाटणारी संस्था स्वयं शिक्षण प्रयोगाने उभी केली. तो काळ सूक्ष्म कर्जांच्या भरभराटीचा होता. आमच्या सीमेलगतच्या तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात खासगी कंपन्या दर आठवड्याच्या हप्त्याने कर्जे वाटीत होत्या, एकाच घरात तीन-चार कंपन्यांची कर्जे साचत होती, आणि वसुलीच्या जाचाने इतके अनर्थ झाले की ऑक्टोबर २०१० मध्ये त्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. त्या पडझडीचे हादरे देशभरातील लहानमोठ्या सर्वच सूक्ष्म वित्तसंस्थांना बसले, कारण बँकांनी सर्वांच्याच बाबतीत हात आखडता घेतला. कर्ज कशासाठी, हा प्रश्न न विचारता केवळ वसुली चोख होते एवढ्यावरून कर्ज उत्तम ठरविण्याची जी पद्धत रूढ झाली होती, तिचे दिवाळे त्या वर्षी निघाले.

कर्ज कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर चुलीच्या रूपाने त्यापूर्वीच गावात आले होते, आणि त्या प्रकरणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांवर पेटणारी आपली चूल जळण किती खाते आणि डोळ्यांत व छातीत किती धूर घालते, हे कोणा तज्ज्ञाने सांगावे असे नाही. ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साह्याने ‘ऊर्जा’ नावाची एक चूल तयार केली: विजेरीवर फिरणारा लहानसा पंखा हवा पुरवी, आणि उसाचा चोथा, भुईमुगाची टरफले अशा शेतातील अवशेषांपासून दाबून केलेल्या पेलेटचे इंधन जवळजवळ धुराविना जळे. ही चूल गावोगाव पोहोचविण्यास कंपनीपाशी दुकाने नव्हती. स्वयं शिक्षण प्रयोगापाशी गटांतील स्त्रिया होत्या. तेव्हा कंपनीचा माल, गटाची पत आणि गावातीलच विक्रेती, असा त्रिवेणी व्यवहार सुरू झाला. विक्रेत्या स्त्रिया चुलीचे प्रात्यक्षिक करून दाखवीत, चहाचे आधण किती मिनिटांत येते ते मोजून दाखवीत, आणि पेलेटच्या पोत्यांचा साठा घरी ठेवीत. संपूर्ण देशात या चुली लाखांनी विकल्या गेल्या.

परंतु २००९ मध्ये कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतले आणि तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला. चोथ्यास इतरत्र गिऱ्हाईक मिळू लागले होते, कच्च्या मालाचा भाव चढला, त्याबरोबर पेलेटचाही चढला, आणि ज्या घरांनी सरपणाचा खर्च व कष्ट वाचावेत म्हणून चूल घेतली होती त्यांना दरमहा नवे इंधन विकत घेण्याचा खर्च जड वाटू लागला. नव्या मालकांनी घरगुती गिऱ्हाईक सोडून उपाहारगृहांकडे मोर्चा वळविला. गावात चूल उरली, इंधन दिसेनासे झाले. हरित म्हणविणाऱ्या वस्तूंसाठी कर्ज देताना जी परीक्षा घ्यावयास हवी ती या प्रकरणाने अत्यंत स्पष्ट केली. वस्तूमुळे हवा शुद्ध राहते एवढे पुरेसे नाही. ती चालविण्यास लागणारे जे काही आहे ते कोणाच्या हाती राहते, हेही पाहावे लागते. शेणावर चालणारा बायोगॅस बाजारावर विसंबत नाही, गांडूळखताच्या वाफ्यास पोते विकत घ्यावे लागत नाही. सौरदिव्याचे गणित पेलेटची चूल आणि बायोगॅस यांच्या मध्ये कोठे तरी बसते, कारण त्याची बॅटरी केव्हातरी बदलावी लागतेच.

संस्थेने त्या अनुभवानंतर ऊर्जेचे काम टाकून दिले नाही. अमेरिकी शासनाच्या विकाससाह्यातून २०१२ पासून महाराष्ट्र व बिहारमध्ये स्वच्छ ऊर्जेची साधने विकणाऱ्या स्त्री-उद्योजकांचे जे जाळे तिने विणले, त्यात हजारांवर स्त्रिया होत्या. एकाच कंपनीच्या एकाच मालावर न विसंबता सौरदिवे, सुधारित चुली, पाणी गाळण्याची साधने असा विविध माल त्या ठेवू लागल्या.

तोवर दुष्काळाची वर्षे आली होती. लातूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तसे वाईट नाही. परंतु २०१२ नंतर ते वारंवार हुकत गेले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरच्या स्थानकात आली. त्या गाडीची छायाचित्रे सर्व देशाने पाहिली. शेतातील दुष्काळ मात्र छायाचित्रात मावणारा नव्हता. सर्व रान सोयाबीनखाली गेलेले, आणि सोयाबीनची पट्टी हाती येईपर्यंत घरात ज्वारी, डाळ व भाजी हीसुद्धा उधारीवर आणावयाची. पूर्वी ज्या रानातून वर्षाचे धान्य घरी येई, त्याच रानाचा मालक आता किराणा दुकानाचा देणेकरी झाला होता. बियाणे, खत व औषध यांचे देणे कृषी सेवा केंद्रात वेगळेच.

येथे संस्थेने जी युक्ती योजली तिला ‘एक एकर’ असे नाव पडले. बाईने घरच्या शेतातून अर्धा किंवा एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली मागून घ्यावा. त्यात विकावयाच्या एका पिकाऐवजी खावयाची अनेक पिके, म्हणजे ज्वारी, तूर, मूग, उडीद व भाजीपाला, थोड्या पाण्यात घ्यावी. शेणखत, गांडूळखत, जीवामृत व घरचे बियाणे वापरावे. आणि तुषार किंवा ठिबक संच, शेळ्या, कोंबड्या यांसाठी लागेल तेवढेच कर्ज काढावे. ही शेती शिकविणाऱ्या गावातील स्त्रियांना ‘कृषी संवाद सहायक’ म्हणण्यात आले. भूकंपानंतरच्या संवाद सहायकांचीच ही परंपरा. वसुलीच्या दृष्टीने या कर्जात मोठा धोका होता, कारण विक्री नाही तेथे रोकड नाही. प्रत्यक्षात हप्ता येत गेला तो किराण्याच्या न झालेल्या उधारीतून, न आणलेल्या खताच्या पोत्यातून. शीर्षकात जी वजाबाकी म्हटली ती हीच. जमिनीचा ओलावा टिकला, रासायनिक औषधांचा खर्च घटला, ताटात डाळ व भाजी आली, या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या तीन बाजू होत्या. पर्यावरणासाठी म्हणून निराळे खाते उघडण्याची गरजच पडली नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी जे निर्देश काढले, त्यांत तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबास तारणाविना दिलेले कर्ज ते सूक्ष्म कर्ज, आणि सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी, असा दंडक आहे. दंडक योग्यच आहे. परंतु ज्या घरी उत्पन्न वर्षातून एकदा, आडत्याच्या पट्टीबरोबर येते, तेथे मासिक उत्पन्न हा कागदावरचा भागाकार ठरतो. उलट मासिक खर्च प्रत्येक बाईस तोंडपाठ असतो. कर्जाच्या अर्जावर उत्पन्नाच्या रकान्याशेजारी थांबलेल्या खर्चाचाही एक रकाना असता, तर पुष्कळ अर्ज अधिक सत्य झाले असते.

एक आक्षेप येथे नोंदविला पाहिजे, कारण तो संस्थेच्या हितचिंतकांनीच केला आहे. बचत बाईने करावी, बैठक बाईने भरवावी, धुराविरुद्ध बाईने लढावे आणि दुष्काळातील घरही बाईनेच चालवावे, तर पुरुषाने करावयाचे काय, हा तो प्रश्न. गटाची उचल काही घरांत नवऱ्याच्या हाती जाते व फेड मात्र बायकोच्या मजुरीतून होते, हे गटात बसणाऱ्या कोणापासूनही लपलेले नाही. एक एकराच्या कामात या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आहे, कारण येथे कर्जाबरोबर निर्णयही बाईकडे येतो. उरलेले अर्धे उत्तर तलाठ्याच्या दफ्तरात आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती व अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. तरी आमच्या बाजूस हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेणे हा अजून भावाच्या घरचा शिष्टाचार समजला जातो.

संस्थेस जगाकडून मान मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक २०१६ मध्ये मिळाले. हवामानविषयक कराराच्या सचिवालयाने त्याच वर्षी मराकेश येथे तिचा गौरव केला. २०१८ मध्ये प्रेमा गोपालन यांची भारतातील वर्षाच्या सामाजिक उद्योजक म्हणून निवड झाली. गुजरातच्या भूकंपानंतर येथील स्त्रिया कच्छात जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या होत्या, आणि मला विचाराल तर या सन्मानांपेक्षा तो प्रवास मोठा होता. २०२२ मध्ये प्रेमा गोपालन यांचे निधन झाले. काम पुढे चालू आहे, मात्र एक एकर कसणारी बाई किसान क्रेडिट कार्डासाठी बँकेत गेली तर तिच्याकडे सातबारा मागितला जातो, त्यावर नाव नवऱ्याचे अथवा सासऱ्याचे असते, आणि ती परत गटाच्या पेटीकडेच येते. नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचे अर्ज काही गटांतील स्त्रियांनी आता एकत्र बसून लिहावयास घेतले आहेत; फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत तहसीलच्या किती खेपा पडतात, त्याचाही हिशेब त्या वहीत ठेवीत आहेत.